रील-प्रवेशिका: नवशिक्यांसाठी, एआयसह

लागणारे साहित्य

मोबाईल एक. स्टँड एक. रिंग लाइट, नसल्यास पूर्वेची खिडकी. कॉलर माइक, रोजचा दोन जीबी डेटा, आणि आत्या एक.

आत्या नसेल तर मामा, चुलते किंवा शेजारचे निवृत्त हेडमास्तर चालतील. अट एवढीच की त्या व्यक्तीला एखादी गोष्ट हाताने येत असावी आणि तिने कॅमेऱ्याची फारशी पत्रास ठेवू नये. या प्रवेशिकेत आपण तासगावकडची, ज्वारीची भाकरी थापणारी एक आत्या गृहीत धरली आहे. ज्यांच्याकडे वेगळी आत्या असेल त्यांनी भाकरीच्या जागी आपापला पदार्थ, कला किंवा शेतातले काम वाचावे.

‘पण मग माझे काय?’ असे बरेच विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतात. तुम्ही कॅमेऱ्यामागे. तुमच्याकडे व्हिजन आहे हे मान्य, पण ते पिठल्याबरोबर खाता येत नाही.

पाठ पहिला: जागा निवडणे

प्लॅटफॉर्म निवडताना तो आता कायमचाच आहे असे समजून निवडावा, नाहीतर कामाला हुरूप राहत नाही. ऑर्कुटवर एकमेकांना टेस्टिमोनियल लिहिणाऱ्यांनी तसेच समजून लिहिले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचे व्हाइन २०१३ मध्ये आले आणि २०१७ च्या जानेवारीत गेले. गूगल प्लस २०१९ मध्ये मिटले, तेव्हा ते चालू होते हेच अनेकांना त्या दिवशी कळले. मराठीत लिहायची सोय घेऊन आलेला देशी कू २०२४ च्या जुलैत उडून गेला. ट्विटर गेले नाही, पण २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून एक्स झाले, त्यामुळे वर्तमानपत्रांना आजही ‘पूर्वीचे ट्विटर’ असे लिहावे लागते.

या पाठातला परीक्षेला हमखास येणारा भाग म्हणजे २९ जून २०२०. गलवानच्या चकमकीला दोन आठवडे झाले होते. सोमवारी रात्री सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक होते. भारतात तेव्हा त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते असे सांगितले जाई. त्यांत बांधावर नाचणारी जोडपी होती, एसटी स्टँडवर मिमिक्री करणारी पोरे होती, सिनेमातले संवाद ओठांवर बसवणाऱ्या घरच्या बायका होत्या. या मंडळींना शहरातल्या इन्स्टाग्रामवाल्यांनी तोवर नाकेच मुरडली होती. ज्यांचे लाखांनी फॉलोअर होते त्यांचे एका रात्रीत काहीही उरले नाही. फॉलोअर मेले नव्हते, आपापल्या घरीच होते, पण त्यांचा पत्ता यांच्याकडे नव्हता.

पुढे काय झाले हेही लक्षात ठेवावे. काही आठवड्यांतच मोज, जोश, टकाटक, चिंगारी अशी दुकाने दिसू लागली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सगळ्यात आधी इथेच सुरू केली. टकाटक दोन वर्षांत मोजमध्ये मिसळून गेले. म्हणजे आपत्तीनंतर मदतकार्य त्वरेने झाले, फक्त ते आपत्तिग्रस्तांसाठी नव्हते.

गृहपाठ: प्रत्येक व्हिडिओची मूळ, कोरी, शिक्का नसलेली प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवणे. टिकटॉकचा शिक्का असलेली रील पुढे ढकलणार नाही, असे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितले होते. दुसऱ्याच्या दारातून आलेली पोरे ओळखू येतात. आणि जे प्रेक्षक फोन नंबर किंवा ईमेल द्यायला तयार असतील त्यांची यादी करावी. वही चालेल. वहीचे धोरण बदलत नाही.

पाठ दुसरा: मर्जी

अल्गोरिदम म्हणजे काय हे समजून घेण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. त्याला सध्या काय आवडते एवढे पाहावे आणि तेच आपल्याला लहानपणापासून आवडत होते असे म्हणावे.

उदाहरणार्थ, लांबी. रील्स आले तेव्हा १५ सेकंद. काही आठवड्यांत ३० झाले. २०२१ मध्ये ६०, पुढच्या वर्षी ९०, आणि २०२५ च्या जानेवारीत तीन मिनिटे. शॉर्ट्स ६० सेकंदांचे होते, तेही २०२४ च्या ऑक्टोबरपासून तीन मिनिटांचे झाले. ‘लोकांचे लक्ष आता आठ सेकंदांच्या वर टिकत नाही’ यावर पाच वर्षे व्याख्याने देणाऱ्या सल्लागारांनी त्यानंतर ‘सखोल कंटेंट’ या विषयावर व्याख्याने सुरू केली. फी तीच.

आकाराचेही असेच. इन्स्टाग्रामचा चौकोन म्हणजे त्याची ओळख होती. लोकांनी नऊ-नऊ चौकोन जुळवून प्रोफाइलवर मोठी चित्रे मांडली. २०२५ च्या जानेवारीत ते चौकोन उभे झाले आणि सगळ्यांच्या मांडणीतली डोकी, पाय आणि अक्षरे भलतीकडे कापली गेली.

आकड्यांवर विश्वास ठेवावा का? जरूर ठेवावा, म्हणजे नंतर सुधारणा आली की आनंद द्विगुणित होतो. फेसबुकने ‘आता सगळे व्हिडिओच’ असे म्हटल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वेबसाइटांनी लिहिणारी माणसे काढून व्हिडिओवाली भरली. २०१६ च्या सप्टेंबरात फेसबुकने कबूल केले की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षे फुगवून दाखवला जात होता. तीन सेकंदांच्या आत पळालेले लोक हिशेबात धरलेच नव्हते. मग २०१८ च्या जानेवारीत धोरण बदलले: आता कुटुंब आणि मित्र महत्त्वाचे. काढलेली माणसे परत घ्यावीत असे त्या धोरणात काही नव्हते. आणि शॉर्ट्सवर २०२५ च्या मार्चअखेरपासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे आपले व्ह्यूज अचानक वाढले असतील तर पेढे वाटण्याआधी तारीख पाहावी.

आता प्रात्यक्षिक. पहिल्या तीन सेकंदांत प्रेक्षकाला गळाला लावावे लागते, असे आत्याला समजावून सांगा. आत्या विचारेल, “आरं, तीन सेकंदात काय भाकरी हुतीया व्हय?” यावर उत्तर देऊ नये. कॅमेरा चालू ठेवावा.

कारण पुढे काय घडते ते पाहा. पीठ दोन महिन्यांपूर्वीचे आहे. आत्या कोमट पाण्यात मळते, परातीत थापते, आणि भाकरीच्या कडेला चिरा पडू लागतात. उचलून तव्यावर टाकताना एक कोपरा परातीतच राहतो. तुम्ही ‘कट’ म्हणायला तोंड उघडता. आत्या तुमच्याकडे न बघता म्हणते, “विरी गेल्या पिठाची. चक्कीवाल्यानं कवाचं दळून ठिवलंय कुणास ठाऊक.” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. मग ती पातेल्यात पाणी उकळायला ठेवते, चिमूटभर मीठ टाकते, पीठ त्यात वैरून उकड काढते, झाकण ठेवते, गरम-गरम मळते आणि पुन्हा थापते. या वेळी भाकरी अखंड. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर, वरून पाण्याचा हात, पाणी सुकले की उलटायची, मग आरावर टाकायची. फुगते.

हे कापू नये. अशा व्हिडिओखाली पुण्यातून, डोंबिवलीतून आणि थेट कॅलिफोर्नियातून एकच प्रतिक्रिया येते: माझीही अशीच मोडते, मला वाटायचे माझाच हात वाईट. ही माणसे तो व्हिडिओ सेव्ह करतात, बहिणीला पाठवतात, वहिनीला मुद्दाम पाठवतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला रीलच्या क्रमवारीत सगळ्यात वजनदार गोष्टी सांगितल्या होत्या: किती वेळ पाहिले, किती जणांना आवडले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवले. आत्याने यातले काहीही वाचलेले नाही. ती पिठावर रागावली होती.

एवढ्यावरून काही विद्यार्थी मुद्दाम भाकऱ्या मोडू लागतात. ते तिसऱ्या दिवशी ओळखू येते.

पाठ तिसरा: एआय

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर प्रत्येक कंटेंट क्रिएटरने ‘एआय तुमची जागा घेणार नाही, एआय वापरणारा माणूस घेईल’ हे वाक्य एकदा तरी म्हटले. तुम्हीही म्हणून घ्यावे. शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे पुढचे दिवस कामाला मोकळे राहतात.

प्रयोग पहिला, चित्र. मशीनला सांगावे: महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्री चुलीवर भाकरी करताना. चार चित्रे येतात. चारही बायका पंचविशीतल्या, धुराने डोळे चुरचुरलेत असे एकीच्याही तोंडावर दिसत नाही. नऊवारी मागितली असली तरी काष्टा नसतो, पदर राजस्थानी वळणाने घेतलेला. मागे हिमालय. हातात तंदुरी रोटी. आत्याला दाखवले तर ती चष्मा लावून विचारते, “ही बया कुठली? आन् चुलीत लाकूड कुठाय?” बघितले तर खरोखरच नसते. जाळ आपोआप चालू असतो.

प्रयोग दुसरा, आवाज. ‘चुलीवरची चव’ हे तीन सेकंदांत म्हणायला मशीनला द्यावे. चुलीतला च आणि चवीतला च मशीन चहातल्या च सारखा म्हणते, आणि तुमचा सांगलीचा प्रेक्षक पहिल्याच शब्दाला अंगठा वर सरकवतो. ळ ची आणखी वेगळीच गत. मशीन सुधारते आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी जोडाक्षरांचे जे तुकडे पडत ते आता बरेच कमी पडतात. च सुद्धा एक दिवस जमेल. विरी गेलेले पीठ मात्र त्याच्या हाताला कधी लागलेले नसते.

प्रयोग तिसरा, संहिता. ‘परफेक्ट ज्वारीच्या भाकरीच्या पाच टिप्स’ मागाव्यात. मिळतात, आणि त्या चुकीच्याही नसतात. त्याच टिप्स, त्याच क्रमाने, त्याच ‘चला तर मग’ने सुरू होऊन त्याच दिवशी आणखी शेकडो जणांना मिळालेल्या असतात. शिवाय ज्याला फक्त टिप्स हव्यात तो आता तुमच्याकडे येतच नाही. गूगलच्या शोधात वरच्या वर एआयने काढलेला सारांश २०२४ पासून भारतातही दिसतो, आणि वाचणाऱ्याचे काम बऱ्याचदा तिथेच भागते. ज्यांच्या पाककृती वाचून तो सारांश बनला त्यांची नावे खाली बारीक अक्षरांत असतात.

तर मग एआय वापरायचेच नाही का? वापरावे की. आत्या बोलली ते अक्षरात उतरवून घ्यायला, आवाजामागची मिक्सरची घरघर काढायला, अर्ध्या तासाच्या चित्रणातून भाकरी फुगल्याचा क्षण शोधायला, कन्नड किंवा हिंदी उपशीर्षकांचा पहिला खर्डा करायला, ब्रँडला इंग्रजीत नम्रपणे ‘एवढ्या पैशांत जमणार नाही’ असे कळवायला. हे शेवटचे काम एआय आपल्यापेक्षा फार चांगले करते, कारण त्याला भीड नसते. सगळी हमाली त्याला द्यावी, परातीला हात लावू देऊ नये.

नियमांविषयी. २०२५ च्या जुलैत यूट्यूबने सांगितले की एकाच साच्यातले, ढिगाने काढलेले, ‘अस्सल नसलेले’ व्हिडिओ पैशाला पात्र नाहीत. स्वागतार्ह निर्णय. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच यूट्यूबने शॉर्ट्समध्ये नुसते वाक्य टाइप करून एआयकडून व्हिडिओ बनवून घेण्याची सोय जाहीर केली. तीही स्वागतार्ह. दोन्ही निर्णय एकाच वेळी डोक्यात ठेवता येणे ही या अभ्यासक्रमाची किमान पात्रता आहे. खऱ्यासारखे दिसणारे पण मशीनने केलेले काही दाखवत असाल तर तसे सांगावे लागते. हा नियम यूट्यूबवर २०२४ पासून आहे.

आणि आत्याच्या आवाजाची नक्कल करून ठेवण्याचा मोह होईल. एकदा नमुना घेतला की आत्या झोपलेली असतानाही बोलू शकते. २०२५ मध्ये आशा भोसले आपला आवाज आणि चेहरा एआयने परस्पर वापरला जातो म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. आत्या न्यायालयात जाणार नाही. ती तुमच्या आईला फोन करेल.

पाठ चौथा: मानसिक आरोग्य

रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

पाठ पाचवा: पैसे

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला हजार सबस्क्राइबर लागतात, आणि शिवाय वर्षात चार हजार तास पाहणे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, यांपैकी एक. हे झाले की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सवर तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के. उरलेले कुणाचे, हे विचारायचे नसते.

मग येतो या सगळ्या प्रवासातला सर्वांत आधुनिक टप्पा: टपाल. कमाई दहा डॉलरला पोहोचली की तुमचा पत्ता खरा आहे ना हे पाहण्यासाठी गूगल सहा आकडी पिन पाठवते. ईमेलने नाही, पाकिटातून. ज्या कंपनीला तुमच्या आत्याने दुपारी किती वाजता डुलकी काढली तेही ठाऊक असेल, ती तुमचे घर शोधायला पोस्टमनवर अवलंबून असते. त्यामुळे पत्ता लिहिताना ‘मारुतीच्या देवळामागे’ हे अवश्य लिहावे आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते पाकीट लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सोसायटीच्या कार्यालयात पडून राहते. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पोस्टमनला चहा विचारावा. संपूर्ण डिजिटल अर्थव्यवस्थेत खुश करता येण्याजोगा माणूस हा एवढाच.

त्यानंतर अमेरिकेचा कर-फॉर्म. तासगावच्या भाकरीचा अमेरिकी कर खात्याशी काय संबंध? न्यू जर्सीतल्या वहिनींनी ती पाहिली हा संबंध. तिकडच्या जाहिरातींना दर जास्त, म्हणून या वहिनी आपल्या फार कामाच्या. त्यांच्या पाहण्यातून झालेल्या कमाईवर करारानुसार १५ टक्के तिकडे कापले जातात. फॉर्म भरलाच नाही तर जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, म्हणजे डोंबिवलीच्या काकूंनी पाहिल्याचेसुद्धा.

ब्रँड पैशांऐवजी वस्तू देऊ करतात, त्याला बार्टर म्हणतात. वर्षभरात एकाच ब्रँडकडून वीस हजारांच्या वरची वस्तू आली आणि तुम्ही ती ठेवून घेतली, तर २०२२ च्या जुलैपासून त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. व्हिडिओ करून फ्रिज परत पाठवला तर लागत नाही. फ्रिज आत्याच्या स्वयंपाकघरात एकदा लागला की तो परत पाठवण्याचे धाडस अजून कोणी केलेले ऐकिवात नाही. जाहिरात असेल तर ‘जाहिरात’ असे ठळक सांगावे, वीस हॅशटॅगांच्या मागे लपवू नये. ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये हे स्वच्छ शब्दांत बजावले आहे.

जे टिकले त्यांनी सगळी पोळी जाहिरातीच्या तव्यावर भाजली नाही. मधुराज् रेसिपी या पाककृतींच्या चॅनेलने मसाले बाजारात आणले. भाडिपा या विनोदी चॅनेलने मराठी स्टँड-अपचे प्रयोग तिकीट लावून केले. आत्याच्या बाबतीत शेंगदाण्याची चटणी सुचते. आत्या मात्र म्हणते, “चटणी इकायची आसंल तर शेंगा तू फोड.”

तोंडी परीक्षा (गुण १०)

आषाढीच्या आधी आत्या वारीला जाते. निघताना ती मोबाईल घरी ठेवते. रोज एक व्हिडिओ टाकण्याची तुमची सवय मोडणार, आणि पोहोच खाली येणार हे तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल?

(अ) जुने चित्रण नवीन मथळ्याने टाकाल.
(ब) एआयकडून आत्याची प्रतिकृती करून घ्याल आणि खाली बारीक अक्षरांत तसे लिहाल.
(क) आत्याबरोबर चालत जाल, कॅमेऱ्यासह.
(ड) आत्याबरोबर चालत जाल.

(अ) लिहिणाऱ्यास चार गुण. (ब) लिहिणाऱ्याने उत्तरपत्रिकेवर आत्याची सही घेऊन यावी. (क) लिहिणाऱ्याने पॉवर बँक कोण उचलणार ते आधी ठरवावे, कारण आत्या उचलणार नाही. (ड) लिहिणाऱ्याचे चॅनेल कुणाच्या नावावर आहे हे तपासून मगच गुण द्यावेत.